परण्याच्या गाडीचे इंजिन

एकदा एका वस्तादांच्या हाताखाली एक शिष्य इंजिनविद्या शिकत होता. विद्या म्हटले की तुम्हा मंडळींच्या डोळ्यांपुढे वटवृक्ष आणि पर्णकुटी उभी राहते. ती कृपा करून पुसून टाका. इथे कोल्हापूरच्या बाहेर हमरस्त्याला लागून एक पत्र्याची शेड होती, जमीन काळ्या तेलाने माखलेली होती आणि गुरुजी मृगाजिनाऐवजी ट्रकच्या टायरवर बसत. पण गुरू तो गुरूच. सत्तरी उलटलेले हे वस्ताद नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखत, आणि मालकाचा स्वभावसुद्धा.

शिष्य तिशी ओलांडलेला, हुशार, अकरा वर्षे राबलेला. त्याला स्वतःचे गॅरेज काढायचे होते. पण त्या पेशाची रीत अशी की वस्तादांनी 'आता जा' म्हटल्याशिवाय शिष्याने वेगळे व्हायचे नाही, आणि वस्ताद तर ते दोन शब्द तोंडातून काढीनात! दोन लेकरांचा बाप झाला तरी कोणी विचारले की याला सांगावे लागे, "अजून शिकतोय." सासुरवाडीला जायचे तो टाळू लागला होता. गरीब बिचारा!

अशात एके दिवशी एक गूळव्यापारी आपली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत घेऊन आला. गाडी अमेरिकन, साठ वर्षांपूर्वीची, व्यापाऱ्याच्या वडिलांनी एका जहागीरदाराच्या लिलावात घेतलेली. लांबी एवढी की ती शेडमध्ये घ्यायला तीन मोटारसायकली आणि एक पानाची टपरी हलवावी लागली. वजन विचारू नका. पंचक्रोशीत कोणाचेही लग्न असो, नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या देवळाला जाणारी मिरवणूक, शेठच्या याच गाडीतून निघायचा. शेठ गाडी फुकट द्यायचे. गावात त्यांना मान होता तो या गाडीचा. गुळाला कोण विचारतो?

गेल्या परण्यात मात्र घात झाला. भर चौकात इंजिन उकळले, त्याचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे लोखंडी धडच, तडकले आणि बॉनेटमधून अशी वाफ उसळली की नवरदेव मुंडावळ्यांसकट दिसेनासा झाला. शेवटी तो कोणाच्या तरी मोपेडवर मागे बसून देवळात पोहोचला. आता महिन्याभरात शेठच्या स्वतःच्या लेकीचे लग्न होते आणि जावई याच गाडीतून जायचा होता.

"वस्ताद," शेठ हात जोडून म्हणाले, "असं इंजिन बसवा की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

वस्तादांनी कानात काडी फिरवली, शिष्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लेका, हे इंजिन तू निवडायचंस. निवड बरोबर आली तर तू मोकळा."

झाले! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. शिष्याने तिथल्या तिथे उत्तर दिले, "आठ सिलिंडरचं पेट्रोल! एवढं धूड दुसऱ्या कशानं हलायचं नाही. मुंबईत एक बघून ठेवलंय, वस्ताद. पाय टेकला की गाडी उडते." शेठचा चेहरा फुलला. त्यांनी शिष्याला चहा पाजला, वर भजी खिलवली.

वस्तादांनी एवढेच विचारले, "ठरलं?"

"ठरलं, वस्ताद."

"बरं. उद्या पाटलांच्या पोराचा परण्या आहे. गाडी बंद, म्हणून पोरगं घोडीवर जाणार. तू घोडीचा लगाम धरून चाल."

शिष्याला वाटले आपण नीट ऐकले नाही. अकरा वर्षे इंजिने खोलणाऱ्या हातांनी घोडी धरायची? "वस्ताद, माझं काही चुकलं का?" त्याने विचारले. वस्ताद टायरवर बसून तंबाखू मळत राहिले. शिष्य मनात फार दुखावला, पण वस्तादांचा शब्द मोडायची त्याची प्राज्ञा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परण्या निघाला. घोडीवाले बाबालालचाचा छत्री घेऊन शेजारून चालत होते. घोडी म्हातारी, पोट सुटलेली, डोळे अर्धवट मिटलेले. चार पावले टाकायची आणि थांबायचे. पुन्हा तीन पावले, पुन्हा थांबायचे. पहिल्या चौकात नवरदेवाचे मामा रस्त्यावर आडवे झाले आणि नागासारखे वळवळू लागले. त्यांना उठवायला गेलेले मेहुणेही तिथेच आडवे झाले. बँडवाल्यांना तर चेवच आला. घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ लागली. शिष्य दचकून दोन हात मागे उडाला, घोडीने कानसुद्धा हलवला नाही. घरापासून देऊळ आठशे मीटर. पोहोचायला सव्वादोन तास लागले!

देवळाच्या पायरीवर शिष्याने घाम पुसत विचारले, "चाचा, एखादी तरणी, चपळ घोडी का आणत नाही हो?"

"हाय की घरी!" चाचा हसले. "वाऱ्यासारखी पळती. पर तिला आणली तर दुसऱ्याच चौकात नवऱ्याला हाडवैद्याकडं न्यावं लागंल. पळायला काय, कुठलंबी जनावर तयार असतंय. डोक्यावर ऊन, कानात ढोल, पाठीवर ओझं, अन् पावला-पावलाला थांबायचं. एवढं करून डोकं थंड ठेवणारं जनावर मला सगळ्या जिल्ह्यात एकच गावलंय."

शिष्य पायरीवरच बसून राहिला. त्याला आठ सिलिंडर आठवले.

तो शेडवर परतला तेव्हा वस्तादांनी विचारले, "किती वेगानं गेलास?"

"वेग कसला, वस्ताद! तासाला अर्धा किलोमीटरसुद्धा नाही."

तेव्हा वस्ताद बोलले. आयुष्यात ते इतके क्वचितच बोलले असतील. "तू गाडीचं वजन बघितलंस, लांबी बघितलीस, ऐट बघितलीस. तिचं काम बघितलंस का? ती गाडी गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या गिअरमध्ये पडलेली नाही. तिला गर्दीत थांबायचंय, पुन्हा ओझं उचलायचंय, पुन्हा थांबायचंय. तुझं ते आठ सिलिंडरचं इंजिन मोकळ्या रस्त्यावर राजा. चौकात मामा आडवा झाला की ते तापणार. माणसाचंही असंच असतं बघ. जन्मभर चालायचं असतं गर्दीतनं, अन् देवाकडं मागतो आपण पळायची ताकद. मग एखाद्या चौकात उकळतो आणि म्हणतो, लोक वाईट."

शिष्याने मान खाली घातली. मग त्याने जुन्या जीपचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन निवडले. सावकाश फिरणारे, पण खालच्या गतीत भरपूर जोर देणारे. पहिला गिअर मुंगीच्या चालीचा बसवला, रेडिएटर रुंद घेतला, पंखा दुप्पट मोठा लावला. आणि मग शेठना सांगायची वेळ आली.

"जीपचं?" शेठ किंचाळले. "माझ्या गाडीत जीपचं इंजिन? अरे, लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

वस्ताद मदतीला येतील म्हणून शिष्याने वळून पाहिले, तर ते डोळे मिटून बसलेले. शेवटी तो धीर करून म्हणाला, "शेठ, आठ सिलिंडर मी म्हणालो ते चुकलो. पण एक सांगा, लोक बॉनेटच्या आत कधी बघतात? गाडी बंद पडली तरच ना?"

शेठ बोट रोखून म्हणाले, "ठीक आहे. पण माझ्या लेकीच्या लग्नात ही गाडी उकळली, तर या जिल्ह्यात तुझं गॅरेज निघू द्यायचा नाही. लक्षात ठेव!" शिष्य त्या महिन्यात धड जेवलाही नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. एप्रिलचे ऊन मी म्हणत होते. गाडीत जावईबापू, त्यांच्या दोन आत्या, करवली आणि कोणाची तरी पाच पोरे. पुढे बँड, त्याच्या पुढे पन्नास नाचणारे. शेठचा ड्रायव्हर गाडी चालवीत होता आणि शिष्य बॉनेटवर तळहात ठेवून शेजारून चालत होता. एक तास झाला, दीड झाला. तिसऱ्या चौकात एकाएकी गाडीपुढून पांढरा धूर उसळला. शेठ मटकन खालीच बसले! शिष्याने घाईघाईने दुसराही तळहात बॉनेटवर टेकवला. मागून कोणीतरी ओरडले, "अहो घाबरू नका, मशीन आहे, मशीन! पुण्याहून भाड्यानं आणलंय!" वरपक्षाने नाचणाऱ्यांसाठी हौसेने धुराचे यंत्र मागवले होते. बॉनेट नुसते कोमट होते. मागच्या सीटवर थोरल्या आत्या घोरत होत्या.

वस्ताद गर्दीतून वाट काढत शिष्याजवळ आले. त्यांनीही बॉनेटवर हात ठेवला, मग शिष्याच्या खांद्यावर ठेवला. "उद्यापासून शेडवर येऊ नकोस," ते म्हणाले.

शिष्याला समजायला क्षण लागला. समजले तेव्हा त्याचे डोळे भरून आले आणि तो भर रस्त्यात वस्तादांच्या पायांवर लोटला. बँडवाल्याला वाटले, आणखी एक नाग निघाला. क्लॅरिनेट त्यांच्या डोक्यावर येऊन किंचाळू लागले, भोवती रिंगण धरले गेले, आणि मामा मंडळी धडाधड आडवी झाली. वस्तादांनी आधी हात हलवून नाही नाही म्हटले, मग हसले, आणि सत्तरीतही दोन पावले टाकलीच.

आपला रस्ता मोकळा आहे की गर्दीचा, हे मंडळी, आपापले चालून पाहावे. मारुतीचे देऊळ अजून दोन चौक लांब होते. गाडी त्यांच्या मागे संथ धडधडत उभी राहिली आणि शिष्याचा हात या खेपेला पुन्हा बॉनेटकडे गेला नाही.