बारा गाड्या खत आणि तीन पाट्यांचं पाणी

माण नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात खताच्या खड्ड्यावर जीव लावणारा हैबती नावाचा शेतकरी होता. शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, काही वाया जाऊ द्यायचा नाही. वर्षात तीनदा खड्डा उलथायचा, आणि खत तयार झालं की मूठभर हातात घेऊन हुंगायचा. पावसात भिजलेल्या मातीचा वास आला तरच गाडी जोडायचा. चाळीस वर्षं हे चाललं होतं. बायको म्हणायची, "लेकीच्या लग्नातसुद्धा आमचे मालक खड्ड्यावरच हुते."

त्याच गावात हौसाबाई राहायची. माळावरचा खडकाळ तुकडा, दोन शेळ्या आणि एवढासा खड्डा, एवढाच तिचा संसार. तुकड्यातलं धान्य चार महिने पुरायचं, पुढचे आठ महिने दुसऱ्याच्या बांधावर. तिचं खत निघायचं जेमतेम तीन पाट्या. तीन पाट्या रानात पसरल्या तर दिसायच्यासुद्धा नाहीत. म्हणून ती खत जुन्या लुगड्यात बांधायची, पाण्याच्या पिंपात बुडवायची, काठीनं खूप वेळ ढवळायची आणि ते तपकिरी पाणी पेरणीच्या तासात, म्हणजे पाभरीनं पडलेल्या रेघेत, बियाणाशेजारी ओतायची. लोक हसायचे. "हौसाबाई रानाला काढा पाजतीया," म्हणायचे. हैबतीही म्हणाला होता, "दुधाची तहान ताकावर भागवतीस, बाई!"

गावात देवीचं रान होतं. दर सात वर्षांनी ते कसायला पंच नवा माणूस निवडायचे. यंदा दोघांनी मागितलं. हौसाबाईला ते मिळालं तर वर्षाची भाकरी घरची होणार होती. हैबतीला भाकरीची चिंता नव्हती, पण चाळीस वर्षांच्या नावाचा प्रश्न होता. पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या. ओढ्याकडचं अर्धं रान हैबतीला आलं, रस्त्याकडचं अर्धं हौसाबाईला. दोघांनी एकच बियाणं पेरायचं, आणि उभी ज्वारी पाहून पंच निकाल देणार, असं ठरलं.

हैबतीनं आपल्या अर्ध्यात बारा गाड्या खत ओतलं. हौसाबाईनं तीन पाट्यांचं पाणी केलं, डोक्यावरून घागरी वाहिल्या आणि तासातासाला ओतलं. मान अवघडली, पण एकही तास कोरडा सोडला नाही.

माघात पंच बांधावरून फिरले. हौसाबाईची ज्वारी चांगली होती. हैबतीची तर माणूस बुडेल एवढी उंच, कणसं पसाभर. थोरल्या पंचांनी फेटा मागवला आणि हैबतीच्या डोक्याला बांधायला घेतला. हौसाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि ती मागे सरकली.

फेट्याचे दोन वेढे झाले असतील. हैबतीची नजर आपल्या पिकावरून फिरत होती. ओढ्याच्या बाजूची ज्वारी उंच होती, पण मधल्या बांधाकडे येता येता ती एका रेषेवर एकदम खाली उतरत होती. खत तर सगळीकडे सारखं टाकलेलं. मग ही रेष कसली? आणि त्याला आठवलं. चैत्रात सारं गाव जत्रेला गेलं होतं, तेव्हा वाटेवरच्या धनगरांना पाण्याची सोय म्हणून त्यानंच ओढ्याकडची ती जागा दाखवली होती. चार दिवस मेंढरं तिथे बसली होती. तेव्हा पैज नव्हती की चिठ्ठ्या नव्हत्या. लेंड्या वळवाच्या पावसात जिरून गेल्या, आणि गोष्ट त्याच्या मनातूनही गेली होती.

दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. तो गप्प बसला असता तर रान त्याचंच होतं, आणि खोटं बोलल्याचा दोषही कुणी दिला नसता.

हैबतीनं वर हात नेऊन फेटा धरला. "थांबा. ही कणसं माझ्या खताची न्हाईत. मेंढरांची हायत."

त्यानं सगळं सांगितलं. शेजारचा एकजण हळूच पुटपुटला, "आबा, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय?"

"चाळीस वर्सं भुईला फसवलं न्हाई," हैबती म्हणाला, "आता तुमास्नी फसवू व्हय?"

मग त्यानंच मार्ग काढला. मेंढरं बसली नव्हती त्या भागातल्या आपल्या दहा ओळी आणि लगतच्या हौसाबाईच्या दहा ओळी कापायला लावल्या. कणसांचे दोन ढीग झाले. हौसाबाईचा ढीग पाटीभर जास्त भरला. फार नाही, पण जास्त.

हैबतीचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगा? पण तो म्हणाला, "रान हिला द्या."

तेव्हा हौसाबाई पुढं आली. तिनं हैबतीच्या बाजूची मूठभर माती उचलली. माती हातात भुसभुशीत सुटली, आत अजून ओल होती. मग आपल्या बाजूचं ढेकूळ उचलून दाखवलं, ते दाबूनही फुटेना. "माझं पाणी ह्या पिकाला पावलं, आबा," ती म्हणाली, "पर भुई जिती ठेवली तुमच्या खतानं. आन् खतच नसंल, तर म्या पाणी तरी कशाचं काढू?"

थोरल्या पंचांनी रान हौसाबाईला दिलं. हैबती डोक्यावरचा अर्धा फेटा सोडू लागला, तर त्यांनी त्याचा हात धरला आणि उरलेले वेढे स्वतःच्या हातानं पुरे केले. म्हणाले, "रान पिकावर दिलं. फेटा माणसाला बांधतूय."

तात्पर्य: दोन गोष्टींची खरी पारख करायची असेल, तर आपल्या पारड्यात नकळत पडलेलं वजन आधी आपणच काढून ठेवावं. असं करणारा पैज हरेल, पण मान हरत नाही.