वस्तादांना ‘सोड’ म्हणणारा शिष्य

एका तालमीत एक वयोवृद्ध वस्ताद होते. त्यांचा लाडका शिष्य सिदराम ऐन उमेदीत मरणाच्या दारात पोहोचला. फुप्फुसांना जंतुसंसर्ग झाला, घशात नळी घालावी लागली. ग्लानीत तो ती उपटू पाही, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले गेले. सिदराम वाचला. बळ परतले. डॉक्टरांनी कुस्तीची परवानगीही दिली.

पण जोडीदाराने मनगट धरताच त्याचा श्वास कोंडला. हिसडा देऊन तो आखाड्याबाहेर पळाला. पुढेही दर वेळी तेच घडले. “आता ठणठणीत आहेस, विसर ते,” असे जो तो सांगे. शेवटी तो वस्तादांना म्हणाला, “माझ्यातला पैलवान दवाखान्यातच मेला, वस्ताद.”

वस्तादांनी त्याला मातीत समोर बसवले. “मी मनगट धरतो. ‘सोड’ म्हणालास की सोडतो.”

त्यांनी धरले. सिदराम पुटपुटला, “सोडा...” हात तत्काळ सुटला.

“सोडा नव्हे, सोड! मनगट धरणाऱ्याला कसला मान?”

“तुम्हाला अरे-तुरे करू?”

“कर!”

“सोड,” तो चाचरत म्हणाला. हात सुटला. पुन्हा धरला. “सोड!” पुन्हा सुटला. पकड सोडवण्याचा डाव शिकवायचे सोडून वस्तादांनी हा कसला पोरखेळ मांडला, असे म्हणत सारे पैलवान भोवती गोळा झाले. सिदरामचा आवाज मात्र चढत गेला. “सोड! सोड म्हणतो ना!” तालीम दणाणली. तो रडत होता आणि हसतही होता! वस्ताद त्याच उत्साहाने धरत होते, सोडत होते.

मग एकदा त्यांनी धरले आणि सिदराम काहीच बोलला नाही.

“म्हण की.”

“राहू द्या, वस्ताद. घट्ट धरा!”

पैलवानांनी जल्लोष केला. तो ओसरल्यावर सिदरामने विचारले, “मग दवाखान्यात मला कुणीच का सोडलं नाही?”

“सोडलं असतं, तर आज तू नसतास. त्यांनी तुझा जीव राखला. पण घशात नळी असलेल्याचा शब्द कुणाला ऐकू येणार? देह घरी आला, मन मात्र त्या खाटेवर हाका मारत राहिलं. आपलं आता ऐकलं जातं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. ते सांगून कळत नाही, बाळा. अनुभवावं लागतं.”

सिदराम उठला आणि शड्डू ठोकून जोडीदाराला भिडला. काही क्षणांतच चीतपट झाला! पाठभर माती घेऊन तो हसत उभा राहिला आणि म्हणाला, “आणखी एक!”

आजारातून उठलेल्याला ‘विसर’ म्हणणे सोपे असते. त्याने ‘थांब’ म्हटल्यावर थांबणे, ही खरी शुश्रूषा.