महिपती आचाऱ्याने गडी तयार केला

एका गावात एक भोळा आचारी होता, महिपती नावाचा. हाताखाली तीन गडी, पण कांदा हाच चिरायचा, जिलेबी हाच तळायचा, पत्रावळ्याही हाच मांडायचा. गडी ओट्यावर बसून त्याच्या घामाचं कौतुक करायचे.

त्याला एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील शेटेअण्णा घर बघायला आले आणि हसून म्हणाले, "महिपतराव, उद्या तुम्हाला ताप आला तर गावाने उपाशी राहायचं का? आधी गडी तयार करा, मग लग्नाचं बोलू."

मुलगी तर महिपतीच्या मनात भरली होती. तो आत्याकडे धावला.

आत्या म्हणाली, "अरे, काम सोपवावं आणि मध्ये तोंड घालू नये."

दुसऱ्या दिवशी बारशाचं जेवण. महिपतीने जिलेबी तिघांतल्या शिदूवर सोपवली. शिदूने पाकात साखरेऐवजी मिठाचा डबा उपडा केला. महिपती शेजारीच उभा, गप्प. पहिल्या घासाला अख्खी पंगत पाण्याकडे पळाली.

"तुला दिसलं नाही का रे?" आत्याने विचारलं.

"दिसलं की! पण तोंड घालायचं नव्हतं ना, आत्या."

"मेल्या, चुकताना दिसलं तर हात धरावा!"

सकाळी महिपती दाढीला बसला. वस्तरा मिशीजवळ आला. हा चुकतोय, असं वाटून महिपतीने न्हाव्याचा हात गच्च धरला. अर्धी मिशी मांडीवर पडली.

आत्याने कपाळावर हात मारला. "ज्याला काम येतं त्याचा हात धरू नये, बाबा. ज्याला येत नाही त्याला पुढे करावं. केल्याशिवाय माणूस शिकतो का?"

हे मात्र कामी आलं. महिपतीने शिदूला कढईपुढे बसवलं, हात धरून शिकवलं. आठ दिवसांत शिदूची जिलेबी अशी जमली की शेटेअण्णांनी चार वेळा मागून घेतली आणि तिथेच लग्नाची तारीख काढली.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टका संपत आल्या. अर्ध्या मिशीचा महिपती हातात माळ घेऊन पाटावर उभा होता. शेजारी शिदू.

"शिद्या, तू कधी नवरीला माळ घातली आहेस का रे?"

"नाही बुवा. माझं कुठे लग्न झालंय?"

"मग शिकणार कधी?"

महिपतीने माळ त्याच्या हातात दिली, त्याला पाटावर चढवलं आणि आपण बाजूला झाला. अंतरपाट खाली आला. नवरीने पाटावरची पुरी मिशी पाहिली, बाजूची अर्धी पाहिली आणि चटकन शिदूला माळ घातली. शिदूनेही घातली.

"अरे करंट्या, लग्न तुझं होतं!" आत्या किंचाळली.

"आत्या, मध्ये तोंड घालू नकोस," महिपती भरल्या डोळ्यांनी म्हणाला. "बघ तरी, पहिल्याच खेपेला काय सरळ माळ पडलीये!"