‘आत्ता नाही’ म्हणणारा सर्व्हर

एकदा एका संस्थेचे ईमेल जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायचे ठरले. ही संस्था अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देत असे. विद्यार्थी उत्तर सांगे, लेखनिक ते लिहून घेई. लेखनिक ऐन वेळी आजारी पडला, की विद्यार्थी ईमेल करी आणि संचालिकाबाई दुसरा शोधत. तिथे एक ईमेल हरवणे म्हणजे कोणाचे तरी वर्ष हरवणे होते.

जुने यंत्र थकले होते. त्याचा पंखा इतका घरघरे, की बाई त्याला ‘दमेकरी’ म्हणत. काम एका वृद्ध तंत्रज्ञाकडे आले. त्यांच्यासोबत त्यांचा शिष्य होता. हुशार, मनाचा चांगला आणि कोणालाही ‘नाही’ न म्हणणारा. सोमवारच्या पेपरला एका मुलीचा लेखनिक व्हायलाही तो असाच तयार झाला होता.

‘‘काम चालू असताना ईमेल बंद पडणार नाहीत ना?’’ बाईंनी विचारले.

‘‘एक मिनिटही नाही, बाई,’’ शिष्य म्हणाला. गुरू गप्प राहिले.

शनिवारी सकाळी जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या टपालपेट्या एकेक करून नव्यावर उतरवायला घ्यायच्या होत्या. त्याआधी गुरूंनी एक विचित्र गोष्ट केली. जुन्या सर्व्हरने नवे ईमेल स्वीकारणेच त्यांनी बंद केले. नवा तर अजून तयार नव्हता. ईमेलसाठी संस्थेचे एकही दार आता उघडे नव्हते.

‘‘सर, लोक ईमेल पाठवत असतील. ते जाणार कुठे?’’

‘‘तू बघत राहा,’’ गुरू म्हणाले.

शिष्य पडद्याकडे बघत राहिला. बाहेरून आलेला प्रत्येक ईमेल पडद्यावर एका ओळीत दिसे, ‘आत्ता नाही, नंतर या’ एवढे उत्तर घेई आणि परत फिरे. थोड्या वेळाने तोच पुन्हा येई. शिष्याला गंमत वाटली, पण काळजीही.

दुपारी बाई आल्या. ‘‘सकाळपासून एकही ईमेल नाही. परवा पेपर आहेत. हा तर म्हणाला होता, एक मिनिटही बंद नाही.’’

‘‘तो म्हणाला होता खरा. संध्याकाळपर्यंत ईमेल येणार नाहीत, बाई. ज्यांचं फारच तातडीचं असेल त्यांना फोन करायला सांगा.’’

‘‘हे कालच सांगितलं असतं तर?’’

‘‘सांगायला हवं होतं,’’ गुरू म्हणाले. ‘‘चुकलं माझं.’’

बाई गेल्यावर शिष्याला राहवेना. ‘‘जुनं दार उघडं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? राहिलेले ईमेल नंतर उचलले असते.’’

‘‘ते उचलतानाही दार उघडंच असतं. मग त्या वेळी आलेले कोण उचलणार? जुना सर्व्हर ईमेल घेतो, ‘मिळाला’ म्हणतो. पाठवणारा निश्चिंत होतो. आणि तो ज्या पेटीत पडला, ती तर आपण कधीच पुढे नेलेली असते. तो ईमेल दमेकऱ्याच्या पोटात राहतो. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मात्र ‘आत्ता नाही’ ऐकलं की ईमेल जपून ठेवतो, कित्येक दिवस पुन्हा पुन्हा येतो. बाईंनाच विचार. येणार नाही म्हणणाऱ्या लेखनिकाने आजवर कोणाचा पेपर बुडवलेला नाही. बुडवले ते ‘हो’ म्हणून न आलेल्यांनी. ‘नाही’ ऐकलं की माणूस दुसरा उपाय शोधतो. पोकळ ‘हो’ ऐकलं, की तो वाट पाहत बसतो.’’

संध्याकाळी नवा सर्व्हर सुरू झाला. परत फिरलेले ईमेल एकेक करून येऊ लागले. त्यांत एक होता सकाळी निघालेला: ‘माझ्या लेखनिकाला ताप आहे. सोमवारी दुसरं कोणी मिळेल का?’ बाईंनी तो वाचला आणि लगेच फोन हाती घेतला.

शिष्याने ईमेलची वेळ पाहिली. हा ईमेल ज्या पेटीत पडायचा होता, ती त्या वेळेआधीच नव्या यंत्रावर पोचली होती. जुने दार उघडे असते, तर तो मागेच राहिला असता. दमेकऱ्याचा पंखा अजून घरघरत होता. शिष्य उठला. मग बाईंचा फोन संपायची वाट बघून त्यांच्याजवळ गेला.

‘‘बाई, सोमवारी त्या मुलीचा पेपर मी लिहिणार आहे ना.’’

‘‘हो, तिची काळजी नाही मला.’’

‘‘सोमवारी बहिणीचा साखरपुडा आहे, परगावी. मी दोन्हीकडे ‘हो’ म्हणून बसलोय. मला नाही जमणार.’’

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. मग चष्मा नीट केला आणि फोन पुन्हा उचलला.

‘‘आज सांगितलंस ते बरं केलंस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्याचा दिवस आहे अजून हातात.’’

आपल्या एका ‘हो’वर कोण कोण वाट पाहत बसले आहे, हे ज्याने त्याने आजच आठवून पाहावे.