राजाची तलवार, कातार्‍याची पटाशी

"आजपासून पटाशीला दगड लावायचा नाही!" रणधीरराजांनी हुकूम सोडला, आणि धाकू कातार्‍याच्या हातातला धार लावायचा निसणा खाली पडला.

नातवाच्या बारशासाठी शिसवी पाळणा करायला टाकला होता. तो कुठवर आला हे बघायला राजे स्वतः धाकूच्या पडवीत आले. बघतात तर काय, धाकू चरकावर लाकूड फिरवतोय, जरा कुठे कातलं की चरक थांबवतोय आणि पटाशी दगडावर घासत बसतोय.

"काम करतोस की दगड चोळतोस?"

"महाराज, शिसव कडक. धार जाते. बोथट पटाशीनं लाकूड कातत नाही, फाटतं."

"धार जाते? ही बघ!" राजांनी कमरेची तलवार उपसली. "वीस वर्षं माझ्याजवळ आहे. एकदाही दगड दाखवला नाही, तरी केस चिरते. बारशाच्या दिवशी तुझी पटाशी अशीच दिसली पाहिजे. नाहीतर चरक जप्त, आणि तू वेशीबाहेर!"

"वा!" कारभारी म्हणाला. तेवढ्याचाच त्याला पगार होता.

राजे गेले. धाकू डोकं धरून बसला. त्याची बायको आवडी चुलीपुढून उठून आली.

"रडता काय पुरुषासारखे पुरुष? आत्ता घासलेली ना ही?"

"हो. पण शिसवीला एकदा लावली की संपलं."

"वेशीबाहेर कशापायी काढणार? पाळण्यापायी की धारेपायी?"

"धारेपायी."

"मग आणा इकडं." तिनं पटाशी घेतली, पेटीतली लग्नातली मखमली चोळी काढली आणि सुईदोरा घेऊन बसली.

बारशाला वाडा बायकांनी भरला. घुगर्‍या शिजल्या, आत्याबाई नटून बसल्या, बाळ टाहो फोडतंय, आणि पाळणा कुठाय? आवडी आली ती हात हलवत. मागं धाकू, तिच्या पदराआड.

"पाळणा?" राजे गरजले.

"आधी पटाशी बघा, महाराज. हुकूम तिचा होता."

तिनं कमरेला खोचलेल्या मखमली म्यानातून पटाशी उपसली, कारभार्‍याच्या मिशीचा एक केस उपटला आणि धारेवर धरला. केसाचे दोन तुकडे झाले. कारभारी "वा" म्हणायचं विसरला.

"बघा!" राजे खूश. "दगड न लावता! कशी गं राखलीस?"

"तुमच्यासारखीच. म्यानात घातली, अन् चार लोकांत दाखवायपुरती काढली."

"आणि पाळणा?"

"पाळणा करायचा तर पटाशी लाकडाला लावावी लागते, महाराज. लाकडाला लावली की धार जाते. वीस वर्षं धार टिकवायची, तर वीस वर्षं काहीच कापायचं नाही!"

राजांनी कमरेकडं बघितलं. आवडीकडं बघितलं. मग असे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला. बाळ दचकून रडायचं थांबलं, आणि तेवढ्यात आत्याबाईंनी सुपात घालूनच त्याचं नाव ठेवून घेतलं.

"लाव रे बाबा दगड, हवा तेवढा लाव," राजे डोळे पुसत म्हणाले. त्यांनी तलवार काढून धाकूपुढं ठेवली. "आणि हिच्या पटाश्या करून घे. आमच्या घरातल्या हत्यारानं निदान एक पाळणा तरी केला, असं नातवाला सांगता येईल."

धाकूनं तलवार कपाळाला लावली. आवडी जागची हलेना.

"आणखी काय पाहिजे, बाई?"

"तलवारीचं म्यान पण द्या, महाराज. मखमल चांगली दिसतेय. तुमच्या हुकमापायी माझी एक चोळी गेली."