गार हात

"मग सर, माझ्या सहीने रिपोर्ट कधी जायचे?"

शार्दूल मुळीकने हे विचारलं तेव्हा दुपार टळून गेली होती. सकाळपासून आम्ही तिघं डॉक्टर त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर डोळे फोडत बसलो होतो. एक स्कॅन वाचून होतो तोवर दोन येऊन पडतात. पोरगा हुशार, त्यात शंका नाही. पण त्याच्या रिपोर्टांवर अजून सही सरांचीच, आणि त्याचं घोडं सदान्‌कदा तिथेच अडलेलं. मला तर ऐकून ऐकून वीट आला होता.

धोंगडे सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. आम्हा दोघांनाही स्कॅन वाचायला त्यांनीच शिकवलेलं. अंगात त्यांचा तो बदामी स्वेटर, एसीमुळे बारा महिने.

"आत्ता काय वाचतोयस?"

शार्दूलने पडदा त्यांच्याकडे वळवला. शबाना मुजावर, वय सव्वीस. मानेतल्या गाठींचा कॅन्सर. केमो संपलेली. रोग गेला की राहिला, ते आजचा पेट स्कॅन सांगणार होता. त्यात साखरेसारखं औषध टोचतात. कॅन्सर साखरेला हावरट, म्हणून तो चित्रात उजळतो. आणि इथे मानेच्या दोन्ही बाजू पार खांद्यांपर्यंत लख्ख उजळल्या होत्या. नव्या सॉफ्टवेअरने आपणहून त्यांवर लाल वर्तुळंही काढून ठेवली होती.

रोग उलटलाय, शार्दूल म्हणाला. मशीनचंही तेच मत, त्याचंही तेच. रिपोर्ट टाइप करून तयार. तो गेला की सुई घालून तुकडा काढणं आलं, आणि मग बहुतेक आधीपेक्षा जबर औषधं. हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

सर खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे वाकले.

"बाई कशी आहे?"

"म्हणजे, सर? स्टेज टू होती, आता..."

"बाई कशी आहे, विचारलं."

शार्दूलने बाई पाहिलीच नव्हती. आमच्यात कुणी बघतही नाही. औषध टोचलं की माणसाला तासभर एकटं बसवतात. हलायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर स्नायू साखर खातात आणि चित्र बिघडतं. शिवाय औषध किरणोत्सारी, त्यामुळे आपणही उगाच जवळ जायचं नाही. काचेतून एक नजर टाकायची, झालं.

चित्र नीट आलंय असं आपण कळवेपर्यंत ती तिथेच बसलेली असणार, सर म्हणाले.

"जा. तिचे हात हातात घेऊन ये."

शार्दूलने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. म्हातारा असा शांत बोलायला लागला की मध्ये पडू नये. औषध अजून तिच्या अंगात आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"क्षणभराने तू मरत नाहीस."

तो गेला. सर डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपलेच.

शार्दूल परत आला तो हात चोळत. तोंड उतरलेलं. म्हणाला, बाईचे हात माठासारखे गार आहेत. ओठ निळसर. अंगावर हॉस्पिटलचा पातळ गाउन, आणि एसी नेमका डोक्यावर. डोक्यावर केस आत्ता कुठे बोटभर उगवलेत. पांघरूण का नाही मागितलं, म्हणून त्याने तिला विचारलं होतं.

"काय म्हणाली?"

"'डॉक्टरसाहेब, तुमीच म्हनलासा न्हवं, बोलायचं न्हाई.'"

...

सरांनी हात पुढे करून चित्रातला सगळा रंग काढून टाकला. खाली त्याच वेळी काढलेला साधा करडा सीटी स्कॅन उरला, नुसता आतला आकार दाखवणारा. जिथे उजेड होता तिथे गाठ नव्हतीच. नुसती चरबी होती.

अंग गारठलं की मानेतली एक चरबी ऊब आणायला साखर जाळते, आणि पडद्यावर हुबेहूब रोगासारखी दिसते. हे आम्ही सगळे पुस्तकात शिकतो. परीक्षेत विचारलं असतं तर शार्दूलने झोपेत सांगितलं असतं. पण उजेड दिसला, मशीनने होकार दिला, आणि गडी खाली बघायचाच थांबला.

सरांनी स्वेटर काढून माझ्याकडे दिला. मी तो तिला नेऊन घातला. ती काही बोलली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता बोललं तरी चालेल, मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने विचारलं, हाय का गेलं? काय सांगणार? डॉक्टर सांगतील, मी म्हणाले, स्वतः डॉक्टर असून.

परत आले तर शार्दूलने आधीचा रिपोर्ट पुसला होता आणि एकेक अक्षर चाचपत नवा लिहीत होता. रोग दिसत नाही. मानेतला उजेड थंडीमुळे. सीटीचे सगळे काप त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले, मग आणखी एकदा पाहिले. मग उठला आणि सरांसाठी खुर्ची मोकळी केली.

"सही तुम्हीच करा, सर."

सर हलले नाहीत. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ते एकदम लहानखुरे दिसत होते. त्यांनी शार्दूलचा हात हातात घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि सोडला.

"ज्याचे हात गार झालेत, त्याने करायची."