अर्ध्या वाटेवरचे दगड

भर वैशाखात, माळ तव्यासारखा तापलेला असताना, माझ्या थोरल्या भावाचे हातपाय गार का पडले? मी आईला विचारलं, चुलत्याला विचारलं, भगताला विचारलं.

हा समोर दिसतो तो इंगळटेक. या माळावर पाऊस फिरकत नाही, सावलीला झाड नाही. दगडाखाली तांबडे विंचू मात्र हवे तेवढे. पायवाटेने अर्ध्यावर गेलात की अकरा मोठे दगड दिसतील, कसेही पडलेले. त्यांना कुणी हलवत नाही. विंचू चावलेल्या माणसाला त्यांच्यावर आणून निजवायचं, म्हणजे विष दगडात उतरतं, अशी आमच्याकडची रीत. आल्यागेल्याला या दगडांची गोष्ट माझा भाऊ बिराप्पा सांगायचा. आता मी सांगतो. आज्जा सांगायचा आणि पुढे सगळे गाळू लागले, तो भागही सांगतो.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं भिवा आणि त्याची थोरली बहीण ठकी मेंढरं राखत. आई लवकर गेलेली. ठकीनेच भिवाला पाठीला बांधून वाढवलं. लांडगे कोकरं उचलून नेऊ लागले, तेव्हा भिवाने टेकावरचे दगड खाली आणून मेंढरं कोंडायच्या वाडग्याची भिंत रचायला घेतली.

"अरे, त्या दगडांखाली कुणाचं तरी बिऱ्हाड आहे," ठकी म्हणाली.

"विंचवाला काय पाटलाने वतन लिहून दिलंय?"

"तुला तरी दिलंय का रे, शहाण्या?"

भिवा हसला आणि त्याने पुढचा दगड उचलला.

दगडांबरोबर विंचूही आले आणि भिंतीच्या फटींत राहिले. एका सकाळी कोकरू सोडताना ठकीच्या हाताला विंचू चावला. वैद्य तीन कोसांवर. भिवाने तिला उचलून पळायला हवं होतं. पण त्याचं डोकं फिरलं. चावणारा सापडल्याशिवाय राहायचं नाही म्हणून तो भिंत उपसत बसला. दिसेल तो विंचू त्याने ठेचला. दुपारी त्याने तळचा एक दगड उलथला, तर खाली विंचवाची मादी, पाठीवर पांढरी पिल्लं घेऊन बसलेली. ती पळाली नाही. भिवाचा हात वरच राहिला. मग तो बहिणीकडे धावला. ठकी घामाने भिजली होती आणि गार पडली होती.

तिची माती झाल्यावर भिवाने म्हणे शपथ घेतली, की टेकाचा दगडन् दगड टेकाला परत देईन, आणि या माळावर चावलेलं माणूस वैद्याविना पडू देणार नाही. तो रोज दगड खांद्यावर घेऊन चढू लागला. लोक हसत.

"काय भिवा, डोंगराला बाळसं आणतोयस का?"

"तू चावून घे, मग तुलाही खांद्यावर घेतो," तो म्हणायचा.

आणि घेतलंही. तो वाटेवर असताना खालून हाक आली की खांद्यावरचा दगड जिथं असेल तिथं टाकायचा, खाली धावायचा आणि माणूस पाठीवर घेऊन तीन कोस पळायचा. टाकलेला दगड त्याने पुन्हा कधी उचलला नाही. असं अकरा वेळा झालं. अकराही माणसं जगली, असं म्हणतात.

लोकांच्या ध्यानात दगड राहिले. पळणं राहिलं नाही.

बिराप्पादादाच्या पायाला विंचू चावला, तेव्हा त्याचीच गोष्ट आठवून आम्ही त्याला या दगडांवर आणून निजवलं. एका बाजूने मीही धरलं होतं. दोन तास विष उतरायची वाट बघितली. मोटारसायकल खाली उभी होती.

गेल्या महिन्यात चुलत्याच्या सुनेला चावला. तिला घेऊन सगळे टेकाकडे निघाले. मी वाटेत आडवा उभा राहिलो.

"बाजूला हो, मायाप्पा. रीत मोडू नकोस," चुलता म्हणाला.

"रीत पळायची आहे, आण्णा. निजायची नाही."

"दोन बुकं शिकला नाहीस, मला रीत शिकवतोस?"

मी वहिनीला गाडीवर घेतलं, मागे माहेराहून आलेल्या तिच्या भावाला बसवलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. चार दिवसांनी ती चालत घरी आली. चुलता अजून माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना.

आजही ते अकरा दगड पडले तिथंच आहेत. वर जाताना त्यांना हात जोडा. पण चावलं तर तिथं थांबू नका, खाली या. मी वाटेच्या तोंडाशीच असतो.

त्या दिवशी दादाला मातीला न्यायला उचलायच्या आधी मी त्याच्या पोटरीला आवळून बांधलेली दोरी कापली. आता कापून काय उपयोग, असं कुणीतरी म्हणालं. दोरीचा वळ खोल उमटला होता. मी खोबरेल घेतलं आणि तो चोळत बसलो. वळ गेला नाही. त्यांनी दादाला उचललं, तोवर मी चोळतच होतो.